सावलीचं झाड आतून पोखरलं जातं तेव्हा: परदेशी खोडकिडा आणि उपचाराची नेमकी वेळ

चाळीस-पन्नास वर्षांचं भरदार झाड दोन-तीन उन्हाळ्यांत उभ्याउभ्या वाळलं की लोक आधी पाण्याला दोष देतात, मग रस्ता खोदताना तुटलेल्या मुळांना. अमेरिकेत डेट्रॉइट शहराच्या परिसरात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस असंच झालं. रस्त्याकडेची अ‍ॅशची झाडं शेंड्याकडून वाळत होती आणि जाणकारांनाही ते आधीपासून माहीत असलेल्या एका रोगाचं काम वाटलं. अ‍ॅश म्हणजे थंड प्रदेशातलं उंच, दाट सावलीचं झाड. कुळ मोगऱ्याचं आणि पारिजातकाचं. २००२ मध्ये त्या वाळलेल्या झाडांमधून हिरवेगार, धातूसारखे चकाकणारे भुंगेरे सापडले. तिथल्या कीटकतज्ज्ञांना ते ओळखता येईनात. नमुने फिरत फिरत स्लोव्हाकियातल्या एदुआर्द येंदेक यांच्याकडे पोहोचले आणि जुलैमध्ये उत्तर आलं: हा पूर्व आशियातला ‘एमराल्ड अ‍ॅश बोअरर’ आहे.

पुढे संशोधकांनी मेलेल्या झाडांच्या खोडांतली वर्षवलयं मोजून पाहिली. त्यांवरून कळलं की ही कीड नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात किंवा मध्यातच तिथे आली असावी. म्हणजे नाव कळेपर्यंत तिला आठ-दहा वर्षं मोकळं रान मिळालं होतं. आज ती अमेरिकेच्या ३० पेक्षा जास्त राज्यांत आणि कॅनडात पसरली आहे, आणि तिने मारलेली झाडं कोट्यवधींच्या घरात आहेत.

या लेखात मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. अशा किडीपासून मोठं झाड वाचवता येतं, पण तो निर्णय झाड निरोगी दिसत असताना घ्यावा लागतो. ते आजारी दिसायला लागलं की पर्याय झपाट्याने कमी होतात. हे असं का, ते समजून घेऊ.

सालीखाली काय चालतं

झाडाच्या खोडात दोन प्रकारची वाहतूक चालते. मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या त्या जलवाहिन्या आणि पानांत तयार झालेलं अन्न खाली आणणाऱ्या त्या रसवाहिन्या. रसवाहिन्या सालीच्या अगदी आतल्या बाजूला असतात. खोडाचा बाकीचा भला मोठा घेर आधाराचं काम करतो. जिवंत व्यवहार मुख्यतः सालीलगतच्या पातळ पट्ट्यात चालतो.

खोडकिड्याची मादी सालीच्या भेगांमध्ये मिलिमीटरभर आकाराची अंडी घालते. साधारण दोन आठवड्यांत अळी बाहेर येते, साल भेदून आत जाते आणि रसवाहिन्यांचा थर खात सुटते. ती सरळ जात नाही. नागमोडी वळणं घेत पुढे सरकते आणि मागे भुसा आणि विष्ठा घट्ट दाबून भरत जाते. अळी मोठी होते तशी वाटही रुंद होत जाते. मेलेल्या अ‍ॅशची साल हाताने ओढली तर सपकन निघते आणि खालच्या पांढुरक्या लाकडावर या वाटांची गिचमीड नक्षी दिसते. एका वाटेला दुसरी छेदते, आणि बोटभर जागाही कोरी सापडत नाही. एखाद-दुसऱ्या अळीने मोठ्या झाडाला काही होत नाही. पण अशा शेकडो वाटा एकमेकींना मिळाल्या की खोडाभोवतीचं कडं पूर्ण होतं आणि वर-खाली होणारी ये-जा तुटते.

अ‍ॅशची आणखी एक अडचण आहे. त्याचं बरंचसं पाणी सर्वांत बाहेरच्या, ताज्या वर्षवलयातून वर चढतं, आणि अळ्या नेमकं तेच खरवडतात. उंच इमारतीची पाण्याची पाइपलाइन जागोजागी फुटली की सर्वांत वरच्या मजल्याचे नळ आधी कोरडे पडतात, तसा झाडाचा शेंडा आधी वाळतो.

हे दिसतं कधी? खूप उशिरा. भुंगेरा आधी वरच्या फांद्यांवर अंडी घालतो. त्यामुळे पहिली खूण जमिनीवरून दिसतच नाही. भुंगेरा बाहेर पडतो ते भोक जेमतेम तीन मिलिमीटरचं, एक बाजू सपाट आणि दुसरी गोल. ते डोळ्यांच्या उंचीवर सापडेपर्यंत कीड झाडात काही वर्षं मुक्कामाला असते. त्याआधीची एक चांगली खूण म्हणजे सुतारपक्षी. अळ्यांसाठी ते वरवरची साल सोलून काढतात आणि खोडावर फिकट, गोरे पट्टे दिसायला लागतात. शेंडा विरळ होणं आणि बुंध्यातून एकाएकी कोवळे फुटवे येणं या त्यानंतरच्या खुणा. उपचार न केल्यास अशा खुणा दिसू लागल्यापासून दोन ते चार वर्षांत झाड बहुधा मरतं.

मूळ देशात हीच कीड इतकी घातक का नाही?

‘आक्रमक परकीय कीड’ म्हणजे आपल्या मूळ प्रदेशाबाहेर पोहोचलेली आणि तिथे बेसुमार वाढून नुकसान करणारी कीड. मूळ प्रदेशात तीच बऱ्याचदा किरकोळ असते. चीनच्या ईशान्य भागातला मांचुरियन अ‍ॅश आणि हा भुंगेरा फार मोठा काळ एकमेकांच्या सहवासात वाढले. तिथलं झाड अळीला रोखणारी रसायनं पुरेशी बनवतं. भुंगेऱ्याच्या वाट्याला येतात ती मुख्यतः दुष्काळाने किंवा जखमांनी आधीच खचलेली झाडं. शिवाय त्याच्या अंड्यांवर आणि अळ्यांवर जगणारे शत्रूही तिथे असतात. अमेरिकेतल्या अ‍ॅशचा या किडीशी कधी सामनाच झाला नव्हता. शत्रूही सोबत आले नाहीत. भुंगेरा आला तो बहुधा लाकडी खोक्यांच्या किंवा पॅकिंगच्या फळ्यांच्या सालीखाली दडून.

‘निसर्ग आपला तोल सांभाळून घेईल’ हा आक्षेप इथेच तपासून पाहावा लागतो. तोल साधेलही, पण झाडांच्या पिढ्यांच्या हिशोबाने. तोवर गल्लीतली सावली थांबून राहत नाही.

सावलीसाठी इतका खटाटोप कशाला?

हा प्रश्न रास्त आहे, कारण उपचाराला पैसे लागतात. पण उपचार न करणंही फुकट नसतं. अमेरिकेत २००९ ते २०१९ या काळासाठी एक अंदाज काढला गेला होता: वस्त्यांमधल्या सुमारे १ कोटी ७० लाख अ‍ॅश झाडांवर उपचार करणं, ती तोडणं किंवा बदलणं यांचा खर्च १,०७० कोटी डॉलर. मेलेला अ‍ॅश फार लवकर ठिसूळ होतो. त्यावर चढून फांद्या उतरवणं कामगारांच्या जिवावर बेततं, म्हणून यंत्रं लावावी लागतात. थोडक्यात, तोडणी जितकी लांबवाल तितकी महाग पडते.

दुसरा हिशोब आरोग्याचा आहे. जेफ्री डोनोव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या १५ राज्यांतल्या काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये, १९९० ते २००७ या काळात भुंगेरा जसजसा पसरला तसे मृत्यूचे आकडे कसे बदलले, हे त्यांनी तपासलं. उत्पन्न, शिक्षण वगैरे फरक लक्षात घेऊनही कीड पोहोचलेल्या भागांत हृदयविकार आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी १५,०८० आणि श्वसनमार्गाच्या आजारांनी ६,११३ जादा मृत्यू झाल्याचं त्यांना आढळलं. अशा अभ्यासावरून झाडं गेल्यामुळेच माणसं गेली असं ठामपणे म्हणता येत नाही. दोन गोष्टी सोबत घडल्या एवढंच म्हणता येतं. तरी मला हा आकडा विसरता येत नाही. उन्हाची तीव्रता, धूळ, पायी फिरण्याची इच्छा, या सगळ्यांशी झाडांचा संबंध आपल्याला रोज जाणवतो.

‘एक गेलं तर दुसरं लावू’ असं म्हणणाऱ्यांनी रोप आणि मोठं झाड शेजारी शेजारी उभं करून पाहावं. सावली, गारवा, पावसाचं पाणी अडवणं हे सारं पानांच्या एकूण क्षेत्रफळावर ठरतं, आणि ते क्षेत्रफळ तयार व्हायला दशकं जातात.

उपचार म्हणजे नेमकं काय

सालीखालच्या अळीपर्यंत फवारणी पोहोचत नाही. म्हणून आंतरप्रवाही कीटकनाशक वापरतात, म्हणजे झाडाच्या शरीरात शिरून त्याच्या रसासोबत सगळीकडे पोहोचणारं औषध. ते देण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिली, बुंध्याभोवतीच्या मातीत औषधाचं द्रावण घालायचं आणि मुळांनी ते शोषून घ्यायचं. यात इमिडाक्लोप्रिड वापरतात आणि ते साधारण दरवर्षी द्यावं लागतं. दुसरी, बुंध्याला बारीक छिद्रं पाडून औषध थेट खोडात सोडायचं. यासाठीचं इमामेक्टिन बेंझोएट हे अ‍ॅशच्या बाबतीत आजवरचं सर्वांत भरवशाचं औषध ठरलं आहे. वसंतात पानं पूर्ण उघडल्यावर नीट दिलं तर एक मात्रा दोन वर्षं, कधी तीन वर्षंही पुरते. शेतकऱ्यांना ही दोन्ही नावं पिकांच्या औषधांमुळे ओळखीची असतील.

औषध वर नेण्याचं काम झाडाच्याच जलवाहिन्या करतात. पानांतून पाणी हवेत उडतं, त्या ओढीने खालचं पाणी वर येतं आणि त्यासोबत औषध. जलवाहिन्या अळ्यांनी कापल्या असतील तर औषध बुंध्यातच अडकतं आणि ज्या फांदीला सर्वाधिक गरज आहे तिथे पोहोचत नाही. म्हणूनच पर्णसंभार साधारण ३० टक्क्यांपर्यंत घटलेलं झाड सावरण्याची आशा असते. निम्म्याहून जास्त गेलेल्या झाडावर खर्च करू नये. कोरड्या मातीतलं, तहानलेलं झाडही औषध नीट ओढत नाही. आधी पाणी द्यावं, मग टोचावं.

छिद्र पाडणं ही जखमच आहे. निरोगी झाड ती भरून काढतं, पण दरवर्षी गरज नसताना भोकं पाडत राहणं योग्य नाही. मात्रा खोडाच्या घेरावर ठरते. त्यामुळे हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे, घरच्या ड्रिल मशीनने करायचा प्रयोग नव्हे.

मग कुठलं झाड निवडायचं? सगळी वाचवण्याइतका पैसा कुठल्याच शहराकडे नसतो. जे झाड सुदृढ आहे, घराला किंवा रस्त्याला खरीखुरी सावली देतं, ज्याच्या मुळांना जागा आहे आणि जे वरच्या विजेच्या तारांना अडत नाही, ते आधी. पोकळ बुंध्याचं, वाकडं वाढलेलं किंवा तारांखाली वर्षानुवर्षं छाटलेलं झाड सोडून द्यावं, आणि त्याच्या जागी आत्ताच दुसरं लावावं. हे निर्दयी वाटेल. पण यादी केली नाही तर पैसा शेवटी मेलेली झाडं तोडण्यातच जातो. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराने २००९ पासून रस्त्यांवरच्या हजारो अ‍ॅश झाडांना औषध टोचायला सुरुवात केली आणि त्यामुळे तिथल्या गल्ल्या उघड्या पडल्या नाहीत.

झाडात विष टोचल्याने मधमाश्यांचं काय?

हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो झटकून टाकू नये. जून २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, विल्सनव्हिल इथल्या एका पार्किंगमध्ये फुलांवर आलेल्या लिंडेनच्या झाडांवर डायनोटेफ्युरान हे निओनिकोटिनॉइड गटातलं कीटकनाशक फवारलं गेलं. सुमारे ५० हजार भुंगमाश्या (बंबलबी) मरून खाली पडल्या. फवारणी कशासाठी होती? माव्यासाठी. मावा चिकटा गाळतो, त्रास देतो, पण त्याने एवढं झाड मरत नाही. ओरेगनने नंतर लिंडेनवर या गटातल्या कीटकनाशकांचा वापरच बंद केला.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, प्रत्येक किडीसाठी औषध उचलायचं नसतं. जी कीड झाडाचा जीव घेते आणि जिला दुसरा इलाज नाही, तिच्यासाठीच ते राखून ठेवायचं. दोन, झाड कुठलं आणि वेळ कुठली याने सगळं बदलतं. अ‍ॅशचं परागीभवन वाऱ्यावर होतं. त्याची फुलं पानांच्या आधी येऊन जातात आणि टोचणी त्यानंतर होते. औषध खोडातच सोडल्याने ते हवेत उडत नाही. मातीत ओतण्याच्या पद्धतीत मात्र बुंध्याजवळ फुलझाडं असतील किंवा जवळ ओढा-तळं असेल तर धोका खरा आहे. अशा जागी ती पद्धत टाळावी.

सगळी झाडं तोडली तर कीड संपेल का?

कधी संपते, कधी नाही. फरक किडीच्या सवयींत आणि ती किती लवकर सापडली त्यात आहे.

एशियन लाँगहॉर्न्ड बीटल हा काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, लांब मिशांचा मोठा भुंगेरा. अमेरिकेत तो पहिल्यांदा १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सापडला, मग १९९८ मध्ये शिकागोत. तो मेपलसकट अनेक जातींची झाडं पोखरतो. पण तो अंगाने मोठा असल्याने डोळ्यांना दिसतो आणि सहसा ज्या झाडातून निघाला त्याच्याच आसपास राहतो. शिकागोने दीड हजारांहून अधिक झाडं तोडली, भोवतालच्या निरोगी झाडांना औषध दिलं, वर्षानुवर्षं पाहणी केली आणि २००८ मध्ये कीड संपल्याचं जाहीर झालं. त्याच २००८ मध्ये तो मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरमध्ये सापडला. तिथे तो कित्येक वर्षं नजरेआड राहिला होता. त्यामुळे ३० हजारांहून अधिक झाडं तोडावी लागली.

एमराल्ड अ‍ॅश बोअररच्या बाबतीत हाच उपाय फसला. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात सुमारे १० किलोमीटर रुंदीचा पट्टा अ‍ॅशमुक्त करण्यात आला, भुंगेऱ्याची वाट अडवायला. कीड तो पट्टा ओलांडून गेली. अमेरिकी केंद्र सरकारने अ‍ॅशच्या लाकडाच्या वाहतुकीवरची बंधनं जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतली आणि त्यांवर खर्च होणारा पैसा जैविक नियंत्रणाकडे, म्हणजे किडीचे नैसर्गिक शत्रू सोडण्याकडे, वळवला.

म्हणून लवकर शोध लागणं हेच निम्मं काम. जांभळे-हिरवे चिकट सापळे लावतात, वरच्या फांद्या कापून साल सोलून पाहतात. मला सर्वांत आवडलेली पद्धत मात्र वेगळीच आहे. सेर्सेरिस फ्युमिपेनिस नावाची एक उत्तर अमेरिकी गांधीलमाशी वाळूच्या घट्ट जमिनीत, बेसबॉलच्या मैदानांवर हमखास, बिळं करते आणि पिल्लांसाठी याच कुळातले चकाकते भुंगेरे शिकार करून आणते. ती माणसाला डसत नाही. स्वयंसेवक जाळं घेऊन बिळांजवळ बसतात आणि ती काय घेऊन येते ते तपासतात. कनेटिकट राज्यात २०१२ मध्ये ही कीड पोहोचल्याचं अशाच एका माशीच्या शिकारीतून कळलं.

किडीला मारायला आणखी एक परदेशी किडा?

ऑस्ट्रेलियात १९३५ मध्ये उसावरच्या भुंगेऱ्यांसाठी केन टोड हा बेडूक आणला गेला आणि तोच मोठं संकट बनला. त्यामुळे ही शंका बरोबर आहे. पण तो बेडूक समोर येईल ते खाणारा होता. आज जैविक नियंत्रणासाठी निवडले जातात ते एकाच यजमानावर, किंवा त्याच्या अगदी जवळच्या जातींवर जगणारे परजीवी, आणि तेही स्थानिक कीटकांवर चाचण्या घेतल्यानंतर.

पांगाऱ्याच्या जातभाईची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. हवाई बेटांवर विलीविली नावाचा स्थानिक पांगारा आहे. २००५ मध्ये तिथे एक इवलीशी गाठमाशी पोहोचली. तिने कोवळ्या पानांत आणि देठांत अंडी घातली की तिथे गाठी येतात, पानं वेडीवाकडी होतात आणि झाड खंगत जातं. बेटांवरचे पांगारे भराभर मरू लागले. संशोधकांनी आफ्रिकेतून तिचा शत्रू शोधून आणला, युरिटोमा एरिथ्रिनी नावाची दुसरी सूक्ष्म माशी, आणि चाचण्यांनंतर २००८ च्या नोव्हेंबरमध्ये ती सोडली. पुढच्या काही वर्षांत विलीविलीला पुन्हा नीट पानं फुटू लागली. फुला-शेंगांवरचा त्रास पूर्ण गेला नाही, पण झाडं जगली.

अ‍ॅशसाठी अमेरिकेत २००७ पासून आशियातल्या परजीवी माश्या सोडल्या जात आहेत. त्यांतली एक अंड्यांवर जगते, बाकीच्या अळ्यांवर. टेट्रास्टिकस ही माशी तरुण झाडांत चांगलं काम करते. जाड सालीतून मात्र तिची अंडी घालायची नळी आत पोहोचत नाही. म्हणून रशियाच्या पूर्व टोकाकडून लांब नळीची स्पाथियस गॅलिनी आणली गेली, आणि २०१५ मध्ये तिला मंजुरी मिळाली. या माश्यांमुळे आजचं मोठं झाड वाचेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्या उद्याच्या रोपांसाठी आहेत. आजच्या झाडाला टोचणीच लागते.

नवी लागवड आणि जुनं लाकूड

अमेरिकी शहरांत इतके अ‍ॅश का होते? एल्मची झाडं ‘डच एल्म’ रोगाने गेली तेव्हा रिकाम्या जागी अ‍ॅशच्या रांगाच्या रांगा लावल्या गेल्या. एकाच जातीच्या रांगेत कीड शिरली की तिला थांबायला जागाच नसते. १९९० मध्ये फ्रँक सांतामूर यांनी शहरांसाठी एक सोपा दंडक सुचवला: एकूण झाडांत एका जातीची १० टक्क्यांहून, एका प्रजातीगटाची २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून जास्त नकोत. अनेक खोडकिडे पूर्ण गटावर हल्ला करतात, त्यामुळे माझ्या मते यांतला मधला आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे.

कीड दूरवर जाते ती स्वतःच्या पंखांपेक्षा माणसाच्या गाडीतून, जळाऊ लाकडासोबत. वाळलेला ओंडका निरुपद्रवी दिसतो, पण सालीखाली अळी जिवंत असू शकते. म्हणून लाकूड जिथे तोडलं तिथेच वापरावं. देशादेशांमधल्या व्यापारात जाणाऱ्या लाकडी खोक्यांसाठी २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम आला: लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटं तापवायचा किंवा धुरी द्यायची, आणि तसा शिक्का मारायचा. डेट्रॉइटसाठी तो उशिरा आला.

मिशिगन आणि ओहायोच्या वाळलेल्या रानांत अ‍ॅशची अगदी तुरळक झाडं अजून हिरवी आहेत. संशोधक त्यांच्या फांद्यांची कलमं करतात, कलमांवर मुद्दाम भुंगेऱ्याची अंडी ठेवतात आणि काही आठवड्यांनी साल सोलून किती अळ्या मेल्या ते मोजतात. ज्या कलमांत जास्त अळ्या मरतात त्यांचा एकमेकांशी संकर केला जातो. त्यामुळे आजूबाजूची सगळी झाडं वाळली असताना उपचाराविना तग धरलेलं एखादं झाड दिसलं तर ते तोडण्याआधी तिथल्या वनखात्याला कळवावं.